माइक लावण्याआधी चौघांना एकदा वाचू द्या

*ताई, मी मिरजेचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. लहानपणापासून व्हायोलिन शिकलो, आपल्या पद्धतीचं, मांडी घालून. पन्नाशीनंतर स्टाफ नोटेशनचं, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलेखनाचं, वेड लागलं आणि पुस्तकं चाळत, इंटरनेटवर बघत शिकत गेलो. तीन वर्षं खपून एक स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठी) लिहिलं आहे. चार भाग, २२ मिनिटं, दुसरा भाग भैरववर. कॉम्प्युटरवर ऐकतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. आता ते खऱ्या वादकांकडून वाजवून घेऊन रेकॉर्ड करायचं आहे. तीन लाख रुपये बाजूला काढलेत. बायको म्हणते, एवढ्यात स्वयंपाकघर नवं होईल. एक मित्र म्हणतो युरोपातून ऑनलाइन करून घे, दुसरा म्हणतो कॉलेजची मुलं चहा-वड्यावर वाजवतील. माझी भीती वेगळीच आहे. हे व्यावसायिक लोक माझं लिखाण बघून हसतील का? पानं सोबत जोडतो.*

*– निवृत्त पण रिकामा नाही, मिरज*

हसणार नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. मी वीसेक वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला, खर्जातला भाऊ, वाजवला. साबणाच्या जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं, एकदा तर मुलीच्या लग्नासाठी वधूपित्यानेच रचलेलं गाणं. पैसे घेऊन वाजवणारा माणूस रचनेला हसत नाही, त्याला तेवढी फुरसतच नसते. तो स्टँडवरचं पान बघतो आणि घड्याळ बघतो. रचना कशी आहे हे त्याला हळूहळू कळतं, कधी कळतही नाही. पान मात्र पहिल्या दहा सेकंदांत कळतं, आणि तुमच्याबद्दलचं त्याचं मत तिथेच ठरतं.

म्हणून आधी तुमची पानं. काल रात्री जेवणं झाल्यावर व्हायोला काढला आणि दुसऱ्या भागातली माझी ओळ वाजवून पाहिली. (माझी म्हणजे व्हायोलाची. सवय जात नाही.) बार ६४ ला (बार म्हणजे दोन उभ्या रेषांमधला खण) दोन्ही व्हायोलिनं थांबतात, व्हायोला एकटाच कोमल धैवतावरून पंचमावर उतरतो आणि खाली चेलोचा षड्ज असतो. ही जागा मी तीनदा वाजवली. पहिल्यांदा तपासायला, पुढे दोनदा उगाच.

आता बाकीचं, आणि ते गोड मानून घ्या. पहिल्या अख्ख्या भागात एकही स्लर, म्हणजे सूर एका गजात जोडणारी कमान, नाही. कॉम्प्युटरला गज नसतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. माणसाला मात्र किती सूर एका गजात घ्यायचे आणि कुठे हात उलटा फिरवायचा हे ठरवावं लागतं. तुम्ही स्वतः वाजवताना तुमच्या हाताला ते बरोबर कळतं, पण कागदावर ते उतरलेलं नाही. चौघं एकमेकांकडे बघून "इथे कुठला बो?" असं विचारायला लागले की दहा मिनिटं गेलीच समजा. ती दहा मिनिटं चार वादकांची, रेकॉर्डिस्टची आणि भाड्याच्या खोलीची, आणि सगळ्यांचं मीटर तुमच्या खिशातून चालू.

बार १०७ मध्ये पहिल्या व्हायोलिनला खालचे ए आणि बी हे सूर एकत्र दिलेत. दोन्ही सूर एकट्या जी तारेवरच मिळतात, आणि एका तारेवर दोन सूर एका वेळी निघत नाहीत. बहुधा सा-प-सा-प जुळवणीत तुमचं बोट चाललं असावं. इथे तारा जी, डी, ए, ई, एवढं डोळ्यांसमोर ठेवून सगळे जोडसूर पुन्हा एकदा व्हायोलिन हातात घेऊन तपासा. तिसऱ्या भागात दोन्ही व्हायोलिनं जोरात आणि व्हायोलाची मुख्य ओळ त्यांच्याखाली, मधल्या पट्टीत. कॉम्प्युटरवर ती ऐकू येते, कारण तुम्ही मिक्सरमध्ये व्हायोलाची कळ वर सरकवली असणार. खरं सांगा, सरकवलीय ना? खोलीत ती कळ नसते. व्हायोलिनांचा जोर कमी करा नाहीतर ती ओळ चेलोला वरच्या पट्टीत द्या.

भैरवातल्या आंदोलनाची, म्हणजे सूर झुलवण्याची, जागा सगळ्यात मजेशीर आहे. कोमल रिषभावर, म्हणजे डी फ्लॅटवर, तुम्ही नागमोडी रेष काढलीत. आपल्याला ती बघताक्षणी कळते. पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेला वादक तशी रेष ट्रिलनंतर बघत आलेला असतो. तो ट्रिल मारेल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांत भराभर फिरेल, किंवा जोरदार व्हायब्रॅटो (सुराला कंप) देईल, आणि तुमचा धीरगंभीर रिषभ दारावरच्या घंटीसारखा वाजेल. तिथे शब्दांत लिहा: "सावकाश, गंधाराला स्पर्श करून झुलता." त्याहून सोपं म्हणजे फोनवर ती ओळ स्वतः गाऊन आठ दिवस आधी चौघांना पाठवा. तुमच्याकडे गळा आहे, तालीम आहे, आणि ही गोष्ट त्या चौघांकडे बहुधा नसेल. नोटेशनच्या बाबतीत ते तुमच्या पुढे असतील, भैरवात तुम्ही त्यांच्या पुढे आहात. तिथे लाजू नका.

छपाईचं थोडक्यात. ए४ वर इतके बारीक सूर छापू नका, मोठा कागद घ्या. बारचे आकडे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टाका. पहिल्या व्हायोलिनचं तिसरं पान ऐन धावत्या तानेत संपतं. पान उलटायला तिसरा हात कुठून आणायचा? विरामाच्या जागी पान संपवा. काहीजण आता टॅबलेट आणि पायाचं पेडल वापरतात, पण ते गृहीत धरू नका.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते. तुम्ही मिरजेचे, म्हणून सतारमेकरांच्या दुकानात बसल्यासारखं सांगते. भोपळा बसला, दांडी बसली, तारा चढल्या, तरी जवारी काढल्याशिवाय तंबोरा बोलत नाही. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. तुमचं क्वार्टेट आत्ता तारा चढवलेल्या तंबोऱ्यासारखं आहे आणि तुम्ही थेट मैफल ठरवायला निघालात. मध्ये एक टप्पा राहिला, तो म्हणजे वाचन. चार वादक, दोन-अडीच तास, एखाद्याच्या घरचा हॉल, माइक नाही. कोपऱ्यात फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा, पुरे. या वेळचे पैसे पूर्ण द्या. रेकॉर्डिंगचा दिवस आणि हे वाचन यांत किमान दोन-तीन आठवडे ठेवा, कारण वाचन झाल्यावर तुम्ही पुन्हा लिहायला बसणार आहात. बसला नाहीत तर वाचन वाया गेलं.

वाचनाच्या वेळी तुम्ही पेन्सिल घेऊन स्कोअरसमोर, म्हणजे चौघांच्या ओळी एकत्र असलेल्या पानांसमोर, बसायचं आणि अडखळलेल्या जागांवर फुली मारायची. एकदा अडखळले तर सोडून द्या. त्याच जागी दुसऱ्यांदा अडखळले तर दहापैकी नऊ वेळा चूक लिहिणाऱ्याची असते. संपल्यावर "कसं वाटलं?" असं कृपा करून विचारू नका. उत्तर एकच येतं: "छान आहे, सर." त्यातून तुम्हाला काहीच मिळत नाही आणि त्यांना उगाच खोटं बोलावं लागतं. "कुठे अडलं?" असं विचारा, मग बघा कसे बोलायला लागतात. चेलोवाला तर घरी निघायचंच विसरेल.

लिहिणाऱ्याची चूक नसते ती दहावी वेळ कुठली, म्हणाल. न्यूयॉर्कचे चार्ल्स आइव्ज विम्याची एजन्सी चालवायचे, चांगले श्रीमंत होते, आणि संध्याकाळी-रविवारी संगीत लिहायचे. आपलं लिखाण वाजवून बघायला ते पदरचे पैसे मोडून वादक बोलवत. १९१४ मध्ये एक नाणावलेला व्हायोलिनवादक त्यांच्या घरी आला आणि त्यांच्या सोनाटाचं पहिलं पानही पार न करता वैतागला. ही हकिकत आइव्ज यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे १९४७ मध्ये त्यांच्या तिसऱ्या सिंफनीला पुलित्झर पारितोषिक मिळालं. ही गोष्ट सांगायला मला थोडी धास्तीच वाटते, कारण ती ऐकून प्रत्येक हौशी रचनाकार आपल्या कच्च्या पानांना आइव्जची पानं समजायला लागतो. बार १०७ मधला जोडसूर हा काही काळाच्या पुढचा विचार नाही, ती निव्वळ चूक आहे.

वादक कुठे मिळतील? चौघं शोधू नका, एक शोधा. एक अनुभवी व्हायोलिनवादक धरा, त्याला किंवा तिला लीडर म्हणा, थोडं जास्त मानधन द्या, आणि बाकीचे तीन निवडण्याचं काम त्यांच्यावर सोपवा. ज्यांच्याशी श्वास जुळतो अशीच माणसं ते आणतील. तुम्ही चार नामवंत वेगवेगळे गोळा केलेत तर चार नामवंत एकाच वेळी वाजतील, क्वार्टेट वाजणार नाही. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. त्यात भारतीयांबरोबर कझाकस्तानचेही वादक आहेत आणि त्यांतले काही शिकवतातही. तिथल्या चेंबर, म्हणजे मोजक्या वादकांच्या, कार्यक्रमांना महालक्ष्मी एक्स्प्रेसने जा, दोन कार्यक्रम ऐका, मग कुणाशी तरी बोला. पुण्यात कॅम्पातल्या माझदा हॉलला पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होतात. गोव्यात कंपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभागच आहे.

गोव्याचं नाव घेतलं म्हणून जरा रेंगाळते. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवत. तीच मुलं मोठी होऊन मुंबईला आली, आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद कित्येक दशकं त्यांच्या नोटेशनवर चालला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांच्यातलेच. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं ते त्यांनी. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिल्या. तेव्हा भैरव चार गजांवर चढवणारे तुम्ही काही पहिले नाहीत, आणि गोव्याकडच्या एखाद्या जुन्या वादकाला ही कल्पना ऐकून नवलही वाटणार नाही. उलट आंदोलन कसं लिहायचं याचा एखादा घरचा उपाय तोच सांगेल.

युरोपातून ऑनलाइन हा पर्याय वाईट नाही. बुडापेस्ट, प्राग, स्कोप्ये इथे तुमची पानं जातात, तुम्ही मिरजेत हेडफोन लावून बसता, ते वाजवतात, तासाभरात फाइल येते. आपल्या सिनेमांची कित्येक स्ट्रिंग्ज तिथेच होतात. पन्नास माणसांच्या वाद्यवृंदासाठी तो व्यवहार परवडतो. तुमच्या चौघांसाठी, आणि त्यातही भैरवासाठी, मी नको म्हणेन. घड्याळ लावलेल्या सेशनमध्ये, अडखळत्या इंग्रजीत, स्क्रीनवरून रिषभ झुलवून दाखवणार कसा?

कॉलेजच्या मुलांबद्दल म्हणाल, तर वाचनासाठी विद्यार्थी जरूर घ्या. फक्त चहा-वड्यावर नको. कमी द्या, पण पाकिटात द्या. एका गृहस्थांकडे आम्ही दोन दिवस वाजवलं, शेवटी सगळ्यांना शाल आणि नारळ मिळाला, टाळ्या झाल्या आणि पाकिटाचा विषय पुढे सात महिने "बघतो, बघतो" वर गेला. ती शाल माझ्याकडे अजून आहे, व्हायोलाच्या पेटीत खाली अंथरायला वापरते. तुम्ही पैसे त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत द्या. शेवटी दिलेत तरी चालतं, पण मधल्या सुट्टीत दिलेत की दुसऱ्या अर्ध्यात गज हलका होतो. हा माझा अनुभव आहे, शास्त्र नाही.

दर मी इथे छापत नाही. तो माणसागणिक बदलतो आणि लीडर तुम्हाला स्पष्ट सांगेल. विचारताना सगळं एकदमच विचारा: सेशन किती तासांचं, वाचनाचे किती, प्रवास-मुक्काम कुणाकडे, वेळ वाढली तर काय. तीन लाखांतले निम्म्याहून जास्त वादकांकडे जाऊ द्या. राहिलेल्यात जागा, रेकॉर्डिस्ट आणि एडिटिंग. पैसे कमी पडायला लागले तर चौथा भाग पुढच्या वर्षी रेकॉर्ड करा, वाचन मात्र कापू नका.

इंग्लंडात वादकांच्या संघटनेच्या कराराप्रमाणे तीन तासांच्या सेशनमध्ये २० मिनिटांपर्यंत पक्कं संगीत घेता येतं. ते वाचून तुम्हाला वाटेल, मग आपलं एका सेशनमध्ये जवळजवळ उरकलंच. ती कमाल मर्यादा आहे, आणि तिथले वादक रोज हेच करतात. तुम्ही तीन-तीन तासांची दोन सेशन धरा, मधे जेवणाची मोठी सुट्टी. सुरुवात सोप्या भागाने करा, म्हणजे चौघांचा आणि माइकचा सूर बसतो. सगळ्यात अवघड भाग त्याच्या लगेच नंतर, हात ताजे असताना. भैरव शेवटी, बाहेरची रहदारी कमी झाल्यावर.

जागा निवडताना सिनेमाच्या स्टुडिओच्या मोहात पडू नका. तिथल्या खोल्या मुद्दाम कोरड्या केलेल्या असतात, प्रत्येक वाद्याला जवळ माइक लावायचा म्हणून. क्वार्टेटला उंच छत आणि लाकडी जमीन असलेली शांत खोली हवी, आणि समोर उंच स्टँडवर दोन चांगले माइक. तबला-हार्मोनियमच्या सवयीचा रेकॉर्डिस्ट चार वाद्यांना चार माइक लावायला जाईल. लावू दे, पण मुख्य आवाज त्या समोरच्या दोनांचा. क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारा लयीचा ठोका, नको. क्लिकवर वाजवायची सवय आमच्या स्टुडिओवाल्यांच्या हाडात गेलेली आहे, ते स्वतःहून मागतीलही. क्वार्टेटमध्ये लय एकमेकांच्या श्वासावर चालते.

जागा बघायला जाल तेव्हा ज्या वेळेला रेकॉर्डिंग करणार त्याच वेळेला जा आणि पंधरा मिनिटं गप्प बसा. पंखा, एसी, लिफ्ट, पारवे, शेजारचा कुकर, सगळं ऐकू येईल. पंखे आणि एसी टेक चालू असताना बंद करावे लागतात, म्हणून एप्रिल-मे नको. गणपती-नवरात्र तर नकोच नको. डिसेंबरात ख्रिश्चन वादक नाताळच्या कामांत अडकलेले असतात, आणि एनसीपीएच्या वाद्यवृंदाचे हंगाम फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास असतात. उरला नोव्हेंबर, नाहीतर जानेवारीचा पूर्वार्ध. त्यातही आसपासची लग्नाची कार्यालयं कुठे आहेत ते बघून घ्या.

त्या दिवशी एक माणूस तुमच्या बाजूला बसवा, ज्याला स्कोअर वाचता येतो आणि ज्याचा या रचनेत जीव अडकलेला नाही. व्हायोलिनचा एखादा शिक्षक चालेल. त्याचं काम फक्त ऐकायचं आणि कुठल्या टेकमध्ये कुठला बार चांगला आला याच्या खुणा करायच्या. तुम्हीच लिहिलंय की ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पाणी आलेल्या माणसाला दुसरं व्हायोलिन अर्धा बार उशिरा आलं हे ऐकू येत नाही. वादकांशी बोलायचं तेही एकानेच, एकदम दोघांनी नाही. आधी अख्खा भाग सलग दोनदा घ्या, मग बिघडलेल्या जागा तुकड्याने. प्रत्येक टेकच्या आधी भाग, बार आणि टेकचा आकडा मोठ्याने बोला. शेवटी सगळे असताना अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगला खोलीचा तो रिकामा आवाज लागतो, आणि नंतर तो कुठूनही आणता येत नाही.

कागदपत्रांचं एक पान, पण ते कराच. रचनेचा हक्क तुमचा, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. रेकॉर्डिंग तुम्ही पैसे घालून, पुढाकार घेऊन केलं म्हणून कायद्याच्या भाषेत त्याचे निर्माते तुम्ही. पण वादकांनाही त्यांच्या वाजवण्यावर ५० वर्षांचा हक्क असतो. म्हणून प्रत्येकाची लेखी संमती घ्या: रेकॉर्डिंग कुठे वापरणार, यूट्यूब, सीडी, स्पर्धा, सगळं लिहा. मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नावं कशी छापायची तेही त्याच कागदावर त्यांच्याकडून लिहून घ्या. एका सीडीवर माझं आडनाव चुकलं होतं, ते मला रचनेपेक्षा जास्त लक्षात आहे.

वहिनींच्या स्वयंपाकघराबद्दल मी बोलणं बरं नाही. मात्र वाचनाच्या दिवशी त्यांना सोबत घेऊन या. कॉम्प्युटरमधला आवाज त्यांनी तीन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलाय, चार माणसं एका खोलीत वाजवताना अजून ऐकलेली नाहीत.

आणि व्हायोलाची पानं पुन्हा छापाल तेव्हा दुसऱ्या भागातला बार ८८ बघा. तिथे ए आहे, फ्लॅटची, म्हणजे कोमलची, खूण राहिलीय. व्हायोलिन त्याच क्षणी ए फ्लॅटवर आहे आणि तुमच्या भैरवात मधेच शुद्ध धैवत लागतोय.